वरच्या पन्नास थैल्या

गावाकडे एखादा नवा पूल खचला की आमच्या घरच्या ग्रुपवर मावसभाऊ लिहितो, "साहेबाने बांधलेले बघा, अजून ठणठणीत. तेव्हा चिरीमिरी नव्हती." खाली अंगठ्यांची रांग. इथे नायजेरियात, लेगॉसमध्ये, जनरेटरच्या घरघरीत मी उत्तर लिहितो, पुसतो.

महाडचा सावित्रीवरचा पूल साहेबाचाच होता, दादा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री दोन एसट्या घेऊन गेला. आणि चिरीमिरी? ज्या क्रॉफर्ड मार्केटातून तू दर मे महिन्यात हापूसची पेटी आणतोस, त्या क्रॉफर्डसाहेबाचंच घे. तो पुण्याला कमिशनर असताना मामलेदारांच्या नेमणुका-बदल्या पैशांवर होतात, हे प्रकरण 1888 साली चव्हाट्यावर आलं. साहेब लाचेच्या आरोपातून सुटला. हाताखालच्यांकडून कर्ज उचलल्याबद्दल नोकरी तेवढी गेली. तुरुंगात गेला त्याचा दलाल हणमंतराव. आणि ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याचं कबूल केलं, त्यांच्याच पोटावर पाय आला. त्यांच्यासाठी टिळकांना भांडावं लागलं.

तरी हे सगळं मला इतिहासातलंच वाटायचं. इथे येऊन इथलाच कादंबरीकार चिनुआ अचेबे वाचला तेव्हा ते अंगावर आलं. 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) मध्ये गोरा कमिशनर गावच्या सहा जाणत्यांना कोंडून दोनशे थैल्या कवड्यांचा दंड ठोठावतो. कोर्टाचे शिपाई गावात जाऊन सांगतात, अडीचशे. वरच्या पन्नास त्यांच्या. गाव मुकाट्याने भरतं, खरा आकडा त्याला कळतच नाही. साहेब तिथेच बसलेला आहे, कायद्याचं राज्य नुकतंच सुरू झालंय, आणि वरकमाईही त्याच दिवशी सुरू! मी समासात पेन्सिलीने लिहिलं: तलाठी.

काकांचं बरोबर उलटं. त्यांच्या मते सगळी कीड इंग्रजांनीच घातली, आपण धुतल्या तांदळासारखे. तेही सोयीचंच. याच अचेबेने 1983 साली नायजेरियाच्या दुखण्याचं खापर थेट आपल्या पुढाऱ्यांवर फोडलं होतं.

'नो लाँगर ॲट ईझ' (1960) मधला ओबी त्याच गावचा, आधीच्या कादंबरीच्या नायकाचा नातू. लेगॉसमध्ये पोटापाण्याला आलेल्या गावकऱ्यांचं मंडळ (गिरगाव-लालबागेतली चाकरमान्यांची मंडळं आठवा) आठशे पौंड कर्जाऊ देऊन त्याला विलायतेला धाडतं. परतल्यावर सरकारी नोकरी, मोटार, विम्याचा हप्ता, आईचं आजारपण, भावाची फी. शेवटी खुणा केलेल्या वीस पौंडांसकट सापडतो. एवढा शिकलेला पोरगा असं कसं वागला, हे न्यायाधीशाला उमगत नाही. मंडळाला उमगतं. त्यांना सलते ती रक्कम. बेडूक खाऊनच बाटायचं तर चांगला लठ्ठ तरी बघावा, असा त्यांचा सूर. हे पान मी दादाला फोनवर वाचून दाखवलं, तर तो पोट धरून हसला. "हे तर आपल्या आळीतलं!"

शुक्रवारी इकेजाहून परतताना नाक्यावर वर्दीतला एकजण काचेशी वाकतो. "ओगा (म्हणजे साहेब), हॅपी वीकेंड!" ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो. सोमवारी ते व्हाउचरवर 'किरकोळ' म्हणून चढतं, खाली सही माझी. घरी कुणी विचारत नाही. परदेशातला माणूस स्वच्छ असतो असा त्यांचा समज आहे, आणि तो मी मोडलेला नाही. निदान इथे हसून मागतात, असंही मी स्वतःला ऐकवून झालंय.

परवा शेवटी क्रॉफर्डचं सगळं प्रकरण टंकलं. पाठवण्याआधी एक तारीख बघायला दादाचे जुने मेसेज वर सरकवत गेलो. अण्णांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची होती तेव्हाचा एक सापडला. "नोंद झाली. वरचे पाच हजार लागले, पाठव."

मी पाठवले होते. सोबत एक अंगठा.