म्हणे संप विसरा

काल मोशीला नातेवाइकांकडे वास्तुशांत होती. पंगतीत एक जण, चाकणला एका कंपनीत एचआरमध्ये आहेत, जिलबी वाढून घेता घेता सांगत होते की आता नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदा, लागू झालाय, संप-बिंप विसरा. आणि लोक हसले हो! भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांच्या बापानं घाम गाळला ती माणसं हसली. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

संप काय हौस म्हणून करतं का कोणी? माझे बाबा भोसरीत टेम्पररी होते. 240 दिवस भरत आले की ब्रेक, परत घ्यायचं, परत ब्रेक, परमनंट करायचं नाही म्हणजे नाही. शेवटी युनियन झाली, रीतसर 14 दिवसांची नोटीस देऊन संप केला. ही नोटीस महाराष्ट्रात 1971 च्या कामगार संघटनांच्या कायद्यापासूनच आहे, कोडनं काही नवीन शिकवलं नाही. संप मिटल्यावर कामावर गेले तर सिक्युरिटी केबिनच्या खिडकीत इंग्रजीत टाइप केलेला बाँड, यापुढे नीट वागेन म्हणून सही करा, मगच आत. बाबांनी विचारलं यात काय लिहिलंय, तर वॉचमन म्हणाला मलाही वाचता येत नाही. कायदेशीर संपानंतर असा बाँड मागणं ही त्याच 1971 च्या कायद्यात अनुचित प्रथा, म्हणजे मनाई असलेली गोष्ट आहे, वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं पण. पण गेटवर कायदा कोण ऐकतो? माझी शाळेची फी थकली होती. केली त्यांनी सही.

हो, संपात कधी दगडफेक होते, चूकच आहे ती. मालकानं टाळेबंदी करायची तर त्यालाही नोटीस लागते, माहितेय. पण आता संपाची नोटीस दिली की समेटाची बोलणी, बोलणी चालू असताना संप नाही, संपल्यावर अजून 7 दिवस नाही, निम्म्या लोकांनी मिळून सीएल, म्हणजे किरकोळ रजा टाकली तरी तो संपच! आणि कंपनीत 300 च्या आत कामगार असले की कपातीला सरकारची परवानगी नको, आधी ही मर्यादा 100 होती. संपावर बंधनं आणणाऱ्या असल्याच विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 ला बाबासाहेबांनी मुंबईत संप घडवला होता. जयंतीला स्टेटस ठेवता ना त्यांचं?

बाबांचा राग नव्हता कोणावर, मला मात्र तो बाँड अजून टोचतो. तुमच्यापैकी जे चाकण-रांजणगावला मॅनेजर आहात, एचआरमध्ये आहात, तुम्हाला कळकळीनं सांगतेय, तुमच्या लाइनवर ट्रेनी म्हणून उभी असलेली पोरं किती वर्षं तेच काम करतायत ते एकदा बघा. आणि उद्या ती गेटवर बसली तर निदान तो बाँड तुमच्या हातानं टाइप करू नका.