पिळायला माणूस हवा

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या सोलापूरच्या घरावर तीन दिवस एका स्प्रिंगच्या काट्याचे राज्य होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून उसना आणलेला तो काटा वडिलांनी झोपाळ्याच्या कडीला टांगला होता आणि दर दोन तासांनी माझी बॅग त्याला लटकवून घरातली सर्व मंडळी डॉक्टरांनी अहवाल वाचावा तशा गंभीर चेहऱ्याने आकडा वाचत असत. मी जर्मनीतल्या केम्निट्स या गावी यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालो होतो आणि विमानात चढवायच्या सामानाला २३ किलोंची मर्यादा होती. शेंगाचटणी, कडक भाकरी, छोटा कुकर, काळा मसाला आणि उरलेल्या जागेत अभियांत्रिकी, असा एकूण हिशोब होता. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, ही बातमी माझ्या मावसभावाने शेवटच्या दिवशी आणली, तेव्हा साजूक तुपाचा डबा आईच्या डोळ्यांदेखत बाहेर काढण्यात आला आणि बॅगेत दोन किलोंची पोकळी निर्माण झाली. ही पोकळी भरायला वडील उठले आणि कपाटातून मरून रंगाची, मोराच्या नक्षीची, नवी कोरी सोलापुरी चादर घेऊन आले.

माझे वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात तीस वर्षे जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करणाऱ्या माणसाला जॉबर म्हणतात, आणि अशा माणसाचा कापडाविषयीचा शब्द घरात अंतिम असतो. जर्मनीत पांघरुणे मिळतात, त्यांत पिसे भरलेली असतात आणि खोल्याही उबदार असतात, हे मी त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मागांच्या गावाला चाललायस. हात हलवत जायचं नसतं." आमच्या गल्लीतल्या मित्राने मात्र माझी बाजू घेतली. "काय बे, जर्मनीत चादर मिळत न्हाई का?" असे त्याने विचारले, परंतु वडिलांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती पाहून त्याने पुढचे वाक्य चहाबरोबर गिळले.

मागांचे गाव हे वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. केम्निट्सला एके काळी सॅक्सनी या जर्मन प्रांताचे मँचेस्टर म्हणत असत आणि तिथल्या कारखान्यांतून कापडाची यंत्रे जगभर जात असत. १९५३ ते १९९० या काळात त्या गावाचे नाव कार्ल मार्क्स श्टाट असे होते, आणि सॅक्सन बोलीत त्यातला प्रत्येक 'आ' 'ओ'कडे झुकत असल्यामुळे 'तीन ओंचे गाव' अशी त्याची थट्टा केली जाते. मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन भाषांच्या कालव्यात वाढलेल्या सोलापूरकराला चौथी भाषा सहज येईल, असा माझा समज होता. पहिल्या आठवड्यात पाव विकणाऱ्या बाईंनी मला काहीतरी विचारले, मी आत्मविश्वासाने 'होय' म्हणालो आणि माझे चार पाव यंत्रात घालून त्यांचे तुकडे करून देण्यात आले. तो समज तिथेच संपला.

वसतिगृहाच्या माझ्या खोलीत खिडकीखाली गरम पाण्याचा रेडिएटर होता, पलंगावर ढगासारखे पांघरूण होते आणि चादरीसाठी जगात कोठेही जागा नव्हती. व्हिसासाठी बँकेत ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात आणि त्यांतून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात, त्यामुळे भाडे आणि विमा गेल्यावर घर सजवायला जे उरते त्यातून फार तर एक पायपुसणे येते. म्हणून चादर आधी पडदा झाली, मग गालिचा झाली आणि पाहुणे आले की सोफा झाली. रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर मात्र ती पलंगावर व्यवस्थित अंथरलेली असे, कारण वडील आधी चादर पाहत आणि नंतर मला. एकदा मी खिडकीतून त्यांना गावची चिमणी दाखवली. वीजकेंद्राची ही चिमणी ३०२ मीटर उंच आहे आणि दानिएल ब्युरेन या फ्रेंच कलावंताच्या आराखड्यानुसार २०१३ साली ती सात रंगांत रंगवलेली आहे. विमाने उतरावीत म्हणून २०२३ साली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, ती हळहळ सोलापुरात अजून ताजी होती. वडील बराच वेळ त्या रंगीत चिमणीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढे रंग चादरीतसुद्धा एकदम वापरत न्हाईत."

चादर घराबाहेर पडली ती १८ जानेवारी २०२५ रोजी. त्या वर्षी केम्निट्स हे युरोपची सांस्कृतिक राजधानी होते आणि उद्घाटनाचा सोहळा कार्ल मार्क्सच्या पुतळ्यापाशी होता. पुतळा म्हणजे केवळ डोके आहे, परंतु ते एकटे डोकेच सात मीटरांहून उंच आहे. सोलापुरात त्याच आठवड्यात गड्ड्याची यात्रा भरलेली होती, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो दर पाच मिनिटांनी मोबाईलवर येत होते आणि मी मात्र हाडे गोठवणाऱ्या थंडीत, दोन स्वेटर आणि जाकीट यांच्यावर मरून रंगाची, मोरांची चादर गुंडाळून त्या डोक्यासमोर उभा होतो. अन्य कोणत्याही दिवशी लोकांनी मला वेड्यात काढले असते. त्या दिवशी मात्र मी सांस्कृतिक कार्यक्रमाचाच भाग असावा असे समजून दोन आजीबाईंनी माझ्याबरोबर फोटो काढला आणि एका गृहस्थाने पुढचा प्रयोग किती वाजता आहे, अशी चौकशी केली.

त्यानंतर मित्रमंडळींत चादरीला मागणी आली. एप्रिलमध्ये आम्ही पाच जण बास्टाई या सुळक्यांच्या डोंगरावर सहलीला निघालो, तेव्हा ती माझ्या पाठीवर होती. महिन्याच्या ज्या तिकिटावर देशभर फिरता येते, ते वेगवान गाड्यांत चालत नाही, त्यामुळे विद्यार्थ्याची सहल ही प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत जाणाऱ्या गाडीने होते. ड्रेस्डेनला गाडी बदलून आम्ही राटेनला उतरलो आणि एल्ब नदी ओलांडली. तिथली नाव बिनइंजिनाची आहे. नदीत रोवलेल्या नांगराला ती लांब तारेने बांधलेली असते आणि तिरकी धरली की पाण्याचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. हे पाहून आम्हा भावी अभियंत्यांना एवढी चर्चा सुचली की उतरायचे राहिले आणि आम्ही त्याच नावेतून परत अलीकडे आलो. वर चढून गेल्यावर नदीपासून १९४ मीटर उंचीवर वालुकाश्माचे सुळके आहेत आणि त्यांना जोडणारा १८५१ सालचा दगडी पूल आहे. त्याविषयी मी अधिक सांगू शकलो असतो, परंतु माझे सगळे लक्ष पाठीवरच्या वजनाकडे होते. उतरल्यावर नदीकाठच्या ओल्या गवतावर चादर अंथरण्यात आली, पाच जण तिच्यावर बसले, शेंगाचटणी सांडली, कोणाची तरी कॉफी लवंडली आणि एका अनोळखी कुत्र्याने तिच्यावर लोळून आपली पसंती नोंदवली. चादर धुणे आता अटळ होते.

धुलाईयंत्रे तळघरात होती. रविवारी धुवायचे नाही, रात्री दहानंतर धुवायचे नाही, अशा नियमांतून वाट काढत मी बुधवारचा दुपारचा मुहूर्त धरला. यंत्राच्या बटणावर 'वोले' म्हणजे लोकर, हे मला माहीत होते, पण 'बाउमवोले' म्हणजे झाडाची लोकर हे वाचून मी चक्रावलो. ही झाडाची लोकर म्हणजे आपला कापूस, हे शब्दकोशात पाहून कळले तेव्हा सोलापूरच्या मुलाला कापूस ओळखता येऊ नये, याची मला मनापासून लाज वाटली. चादर घातली, कार्ड लावले, यंत्र फिरले. पाऊण तासाने पिळण्याची वेळ आली, तेव्हा ते दोन वेळा घुमले, धडधडले आणि थांबले. चादर एका बाजूला गोळा झाली होती आणि असंतुलित भार ओळखून यंत्राने पिळण्यास नकार दिला होता. फिरत्या असंतुलित वस्तुमानाचे गणित आम्हाला आदल्याच आठवड्यात शिकवले होते आणि मला ते समजले आहे असे मी प्राध्यापकांना सांगितलेही होते. मी चादर नीट पसरून पुन्हा पैसे भरले. यंत्राने पुन्हा नकार दिला. तिसऱ्या खेपेला मी समतोलासाठी अंगावरचे जाकीटही आत टाकले आणि आता एकाऐवजी दोन वस्तू ओल्या झाल्या.

शेवटी ती पाणी प्यालेली, सहा-सात किलोंची चादर खांद्यावर टाकून मी चार मजले चढू लागलो. पाठीमागे पायरीपायरीवर मरून रंगाच्या पाण्याची धार लागली होती आणि त्या धारेचा माग काढत वसतिगृहाचे व्यवस्थापक काका वर आले. 'हाउसमाइस्टर' या पदाचा दरारा आपल्याकडच्या फौजदाराहून कमी नसतो, त्यामुळे मी माफीचे वाक्य मनात जुळवू लागलो. त्यांनी मात्र चादरीचे टोक हातात घेतले, उलटून पाहिले, दोन्ही बाजूंना तीच नक्षी पण रंगांची अदलाबदल झालेली पाहिली आणि विचारले, "जेकॉर्ड?" जेकॉर्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारी यंत्रणा. साठी उलटलेले हे काका तरुणपणी गावातल्या कापडयंत्रांच्या कारखान्यात होते.

आता पिळायला माणूस मिळाला होता. घरी ही चादर आई आणि वडील दोन टोके धरून पिळतात, त्यात बोलण्यासारखे काही नसते. परंतु जर्मन भाषेत सूचना देताना मी 'विरुद्ध दिशेने' हा नुकताच पाठ केलेला लांबलचक शब्द अभिमानाने उच्चारला. काकांनी आज्ञा पाळली. मी उजवीकडे फिरवली, त्यांनी डावीकडे फिरवली आणि चादर दोघांच्या मध्ये दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी अखंड फिरू लागली. एक थेंबही पडला नाही. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांनी आपापल्या उजवीकडेच फिरवायचे असते, म्हणजे पीळ बसतो, हे लक्षात यायला एका अभियंत्याला तीन मिनिटे लागली. काकांना ते आधीच कळले होते, पण परदेशी पाहुण्याचे शास्त्र चुकीचे ठरवू नये म्हणून ते फिरवत राहिले होते. अखेर त्यांनी हवेत बोटाने इंग्रजी 'एस' काढला. सुताच्या पिळाला एस आणि झेड अशाच खुणा असतात, हे मला वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकूनही आठवले नव्हते. दुसऱ्या मिनिटाला न्हाणीघरात पूर आला.

त्या संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर माझी कोणालाही गरज नव्हती. वडील सोलापुरी मराठीत बोलत होते, काका सॅक्सनमध्ये, आणि दोघेही ताणा आणि बाणा बोटांनी दाखवत होते. मालिमो नावाचे, न विणता आडव्या-उभ्या धाग्यांना टाके घालून वेगाने कापड तयार करणारे तंत्र याच परिसरात जन्मले, असे काकांनी एक टॉवेल नाचवत सांगितले. मी भाषांतर केले. वडिलांनी टॉवेल स्क्रीनजवळ धरायला लावला, निरखून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे शिवलंय. विणलं न्हाई." हे वाक्य मी काकांना सांगताना 'फार छान आहे' असे सांगितले.

सध्या मी सुट्टीसाठी सोलापुरात आहे आणि परवा परत निघायचे आहे. झोपाळ्याच्या कडीला काटा पुन्हा लागला आहे. जुनी चादर केम्निट्समध्येच आहे, परंतु वडिलांनी काल चाटी गल्लीत सहा दुकाने पालथी घालून काकांसाठी हिरव्या रंगाची नवी चादर आणली आहे. काटा २५ किलोंवर स्थिरावला, तेव्हा आईने दोन्ही हात शेंगाचटणीच्या पुड्यावर ठेवले आणि वडिलांनी चादरीवर. काट्याखाली थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. माझी पुस्तके आता कपाटात आहेत.