साडी-चोळीवर साल ठरत नाही

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, निमित्ताने आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या एका गावी भरलेला शेती आणि खाद्यसंस्कृतीचा महोत्सव आज पाहून आले. गावाचे आणि आयोजकांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे महोत्सव आता ठिकठिकाणी भरतात आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालते. घरी येऊन तासभर पंख्याखाली बसले, माठातले पाणी प्याले, तरी डोके शांत होईना, म्हणून लिहायला घेतले आहे. लांबेल, हे आधीच सांगते.

आमराईत मांडव घातला होता. प्रवेशद्वाराशी लाकडी नांगर, वखर, तिफण, कोळपे आणि कुठल्याशा विहिरीवरची सुरकुतलेली चामडी मोट मांडून ठेवली होती, आणि शेजारी दादर ज्वारीच्या कणसांची तोरणे लावून फोटो काढण्यासाठी एक चौकट उभी केली होती. पितरांच्या नावाने आखाजीची घागरही पुजली होती, फक्त तिच्यावर डांगराऐवजी, म्हणजे खरबुजाऐवजी, छोटेसे टरबूज ठेवले होते. ते चालते की नाही, हे आता पितरांनीच ठरवावे. इथवर मी हसत होते.

मग मांडवाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे पत्र्याच्या शेडखाली ओळीने चुली पेटलेल्या होत्या आणि बायका खापरावर मांडे करत होत्या. वैशाखातल्या दुपारी आपल्याकडे सावलीतही जीव नकोसा होतो, इथे तर वर तापलेला पत्रा आणि समोर जाळ. त्यांतल्या एका मावशींनी साठी ओलांडली असावी. पुरण भरलेला उंडा त्या थोडासा लाटून घेत आणि मग दोन्ही हातांवर, तळव्यापासून कोपरापर्यंत, असा काही फिरवत की बघता बघता त्याचा आरपार दिसेल असा पापुद्रा होई. तो पालथ्या खापरावर पडला की कडेची मोडलेली घडी त्या उघड्या बोटांनी सरळ करत. हाताला पीठ असल्यामुळे कपाळावरचा घाम दंडाने पुसणे चालले होते, आणि मनगटाच्या वर भाजल्याचे जुने डाग दिसत होते. समोर मोबाईल धरून उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "आजी, व्हिडिओ नीट आला नाही, जरा हसून परत टाका ना." मावशींनी हसून परत टाकला.

गर्दी पांगल्यावर मी विचारले, "मावशी, दिवसाचे काय देतात?" त्या म्हणाल्या, "साडी देतात ना ताई, अन् नारळ. जेवन बी देतात."

थाळीचे तिकीट चारशे रुपये होते आणि तिकिटासाठी रांग लागलेली होती.

मांडववाल्याचे बिल निघते. ध्वनिक्षेपकवाल्याचे निघते, ड्रोन उडवणाऱ्या मुलाचे निघते, पाण्याच्या टँकरचे निघते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनाही पाकीट मिळाले, ते मी डोळ्यांनी पाहिले. ज्या एका गोष्टीसाठी लोक एवढ्या उन्हात जळगावाहून, भुसावळहून गाड्या काढून आले, ती गोष्ट जिच्या हातून होते, तिला तेवढे व्यासपीठावर बोलावून "अन्नपूर्णा" म्हणायचे आणि ओटीत साडी-नारळ घालायचा. टाळ्या मात्र जोरात झाल्या.

आणि हे आखाजीला! खानदेशात आखाजी म्हणजे आमरस, सांजोऱ्या आणि झाडाला बांधलेले झोके, हे सगळे खरेच आहे. पण आखाजी म्हणजे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल संपण्याचा आणि नवे साल ठरण्याचा दिवस, हे या मंडळींना कोणी सांगितले नाही काय? आमच्या घरी आखाजीला ओसरीवर आजोबा वही घेऊन बसत. समोर सालदार बसे. रोख किती, ज्वारी किती पोती, धोतरजोडी, जोडे, घोंगडी, एकेक बाब बोलून ठरे आणि वहीत लिहिली जाई. आत माझी आजी पहाटेपासून खापरापुढे बसलेली असे. एका आखाजीला ती पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अन् माह्यं साल किती ठरलं?" सगळी ओसरी हसली. आजोबाही हसले, आणि वही मिटली.

ती चेष्टा होती असे घरात पुढे कित्येक वर्षे सांगितले गेले. मला ती कधीच चेष्टा वाटली नाही.

सालदारकी काही सुखाची नव्हती, हेही सांगते, नाहीतर कोणीतरी खाली येऊन लिहीलच. उचल फेडता फेडता एक साल दुसऱ्यात जाई आणि ठरलेलेही पूर्ण हाती पडेलच असे नव्हते. तरीही त्याचे काम हे काम आहे आणि कामाला दाम असते, एवढे तरी त्या वहीत मान्य होते. आजीचे नाव त्या वहीत कोणत्याच पानावर नव्हते.

पारंपरिक शेतीच्या दालनातही तेच. तिफणीपाशी फलक होता, "बळीराजाचे अवजार". तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलाला मी विचारले, की तिफणीमागे दोरीने बांधलेली पोकळ नळी धरून, तिच्यातून तुरीचे बी सोडत दिवसभर ढेकळांतून चालायचे कोण? तो बिचारा गोंधळला. नळी मांडलीच नव्हती, म्हणजे ती धरणारी बाई आपोआपच वगळली गेली. पेरणी, निंदणी, कापूस वेचणी, मळणी, बियाण्याला राख लावून ते मडक्यात जपून ठेवणे, हे सगळे दालनातून काढून टाकल्यावर उरतो तो नांगर आणि फेटा.

यंदाचे २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे, आणि प्रवेशद्वारावरच्या फलकावर तसे ठळक अक्षरांत लिहिलेही होते. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष होते, तेव्हा याच लोकांनी ज्वारी-बाजरीचे फलक लावले होते. फलक बदलतात, शेडमधल्या बायका त्याच राहतात.

आपल्या राज्याला हे नवे आहे असेही नाही. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात बायकांनी रस्त्यांवर आणि पाझर तलावांवर खडी फोडली, माती वाहिली, आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कामावर मोजमाप होई आणि बाई असो की पुरुष, दर एकच असे. १९७६ साली समान कामाला समान वेतनाचा कायदा देशात झाला. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. म्हणजे खडी फोडणाऱ्या बाईचे नाव मस्टरवर चढले, बांधावरच्या बाईचे नाव थोडेफार का होईना सातबाऱ्यावर चढले, आणि २०२६ साली "खाद्यसंस्कृती जपणाऱ्या" बाईचे नाव कुठल्याही कागदावर नाही.

लिहिता लिहिता थोडी शांत झाले आहे, तर चांगलेही लिहिते. एका कोपऱ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालण्याचे प्रात्यक्षिक होते. ज्वारी ओलवून, कांडून, भिजवून दळलेली, आणि लसूण, मिरची, जिरे, तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजत असलेली. ओल्या फडक्यावर ती भराभर थापणारे हात. शहरातून आलेली चार-पाच पोरे ते शिजलेले गरम पीठ वाटीत घेऊन, वर कच्चे तेल ओतून, फुंकर मारत खात होती आणि पुन्हा वाटी पुढे करत होती. त्यांतल्या एकीने आईला विचारले, "हे आपण घरी का नाही करत?" आईकडे उत्तर नव्हते. या पोरांनी मोट आणि तिफण निदान पाहिली, चव तोंडात घेतली, एवढे श्रेय महोत्सवाला द्यावेच लागेल. बचत गटांच्या टेबलांवरही पैसे थेट बायकांच्या हातात पडत होते, तेही मी नाकारत नाही.

पण परत निघताना आयोजकांपैकी एकांना गाठले आणि मांडे करणाऱ्या बायकांच्या मजुरीचे विचारले, तेव्हा ते काय म्हणाले? "ताई, या आपल्याच गावच्या बायका. आपलेपणाने येतात. त्यांना पैसे देऊन आम्ही त्यांचा अपमान करायचा का?"

ही अपमानाची भीती मांडववाल्याच्या बाबतीत कशी आड येत नाही? आपलेपणा मलाही कळतो. गावच्या भंडाऱ्यात आम्हीही पोळ्या लाटल्या आहेत, आमच्या आयांनी रात्र-रात्र जागून लाटल्या आहेत, आणि कोणी पैशाचे नावही काढले नाही. कारण त्या पंगतीत जेवणाराही फुकट जेवतो. तो व्यवहार चोख आहे. जेवणाऱ्याकडून चारशे रुपये घेतलेत की तो भंडारा राहिला नाही, तो धंदा झाला. धंदा करा, जरूर करा, गावात चार पैसे येत असतील तर मला आनंदच आहे. पण मग पहिले पाकीट खापरापुढच्या बाईचे काढा आणि उरले तर ड्रोन उडवा.

माझ्या आजीने ओसरीवर विचारले तेव्हा हसणाऱ्यांत शिकलेले कोणी नव्हते. आज मी विचारले तेव्हा हसणारे पदवीधर होते, आणि त्यांतले दोघे तर आपल्या याच मित्रयादीत आहेत. त्यांनी हे वाचावे, म्हणूनच लिहिते आहे.

मांडा करणे हा गुण आहे, असे सगळेच म्हणतात. तो अंगी यायला वर्षे जातात, मला स्वतःला आजही येत नाही. माझा मांडा कोपरापर्यंत पोहोचण्याआधीच फाटतो. आमच्या पिढीत येणाऱ्या थोड्या, पुढच्या पिढीत त्याहून थोड्या, आणि "नव्या मुली शिकत नाहीत" म्हणून व्यासपीठावर हळहळ व्यक्त करणारे लोक हे ध्यानात घेत नाहीत, की भाजलेल्या मनगटाच्या बदल्यात साडी मिळते हे त्या मुली लहानपणापासून पाहतात. त्या शहाण्या आहेत, म्हणून शिकत नाहीत.

दरवर्षी मी या महोत्सवाला वर्गणी देते. पुढच्या वर्षीची देणार नाही, असे संध्याकाळीच आयोजकांना कळवले. मांडे करणाऱ्या बायकांची दिवसाची मजुरी आधी ठरवून ती निमंत्रणपत्रिकेवर छापावी, चुलीपाशी कूलर आणि दोन-दोन तासांच्या पाळ्या असाव्यात, आणि व्हिडिओ काढायचा तर आधी त्यांना विचारावे, एवढ्याच मागण्या लिहून पाठवल्या. मघाशी त्यांचे उत्तर आले: "ताई, आपल्या भावना पोहोचल्या. पुढच्या वर्षी साड्या भारी प्रतीच्या घेऊ."