मागच्या स्प्रिंगला गॅसकटर लावण्याआधी हे वाचा

"जुन्या गाडीची मागची बाजू बसली? नवीन मूळ स्प्रिंगवर पैसे घालवू नका" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "शनिवारी गॅसकटरवाल्याला बोलावलंय." म्हणून हे घाईनं लिहितोय.

दावा पहिला: पोलाद वयानं मऊ पडतं, म्हणून मिळेल तितकी कडक स्प्रिंग टाका. गाडी बसते हे खरं, पण कमी होते ती स्प्रिंगची उंची. कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास, मोकळे (म्हणजे दबणारे) वेढे आणि पोलादाचा मूळ ताठपणा यांवर ठरतो. तार गंजून झिजली नसेल तर यातलं काहीच बदललेलं नसतं. उंची गेली असेल तर मूळ कडकपणाची, पूर्ण उंचीची स्प्रिंग लागते. बारा मिलिमीटरऐवजी 13 मिलिमीटर तारेची घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी कडकपणा सुमारे 38 टक्के वाढतो, कारण जाडीचा चौथा घात मोजला जातो.

"मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा कडक हवी" हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. मोटार अभियंते मॉरिस ओली यांनी 1930च्या दशकात जनरल मोटर्समध्ये यावर काम केलं. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्यांना. मागची बाजू थोड्या जलद लयीत हलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडीचं पुढे-मागे डुलणं लवकर थांबतं. पण ओली यांचा मुद्दा पुढच्या-मागच्या प्रमाणाचा आहे. एकटी मागची भरमसाट कडक केली की ते प्रमाण मोडतं, आणि वळणावर मागची चाकं आधी पकड सोडतात.

आता सगळ्यात घातक सल्ला: "वेढा कापा, नाहीतर गॅसनं लाल करून हवी तेवढी बसवा." अहो, बसलेल्या गाडीला हा उपाय? दोन्हींनी ती आणखी खाली जाते! आठ मोकळ्या वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग सुमारे 14 टक्के कडक होते, म्हणजे गाडी खालीही आणि दणके देणारीही. टोकाची घडण गेल्यानं ती बैठकीत (स्प्रिंगचं टोक टेकतं त्या खाचेत) नीट बसत नाही. चाक पूर्ण खाली लटकलं की आखूड स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. आणि लाल होईपर्यंत तापवलं की पोलादाचं टेंपरिंगच (ठरावीक उष्णतेनं आणलेली मजबुती) जातं. तो भाग मऊ होऊन बसत राहतो. वर पाणी ओतलं तर ठिसूळ होतो आणि चालत्या गाडीत तुटू शकतो. हे कुणाच्याही गाडीत करू नका.

काही गाड्यांत मागे वेढ्यांऐवजी पाट्यांची स्प्रिंग, म्हणजे कमान असते. "कमानीत एक पाटा जास्त टाका", तेही नको. उंचीबरोबर कडकपणाही वाढतो. "जी बाजू बसलीय तेवढीच बदला", हेही चूक, जोडीच बदलायची.

मामा, आधी सपाट जागेवर, चारही टायरांत बरोबर हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजा. मग वर्कशॉप मॅन्युअलमधली उंची बघा. मागे एका बाजूला झुकलेली दिसणारी गाडी कधी कधी पुढच्या स्प्रिंगमुळे झुकलेली असते. आणि कमान बदललीत तर बुशचे (कमानीच्या टोकांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतात.