भाराभर चिंध्या?

आज संध्याकाळी वेंगुर्ल्यात भाऊंचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. आणि मुंबईहून आलेले प्रमुख पाहुणे, भाऊ समोर बसलेले असताना, माइकवर म्हणाले, "एक ना धड भाराभर चिंध्या केल्या नसत्या, कविताच धरून ठेवली असती, तर आज हे महाराष्ट्राचे मोठे कवी असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी हात जोडले. माझं डोकं तेव्हापासून तापलंय, जेवण तसंच ठेवून लिहितोय.

भाऊंनी आयुष्यभर केलं काय? कविता, नाटक, बातमीदारी, आणि वाडीवाडीतल्या पोरांना घेऊन बसवलेले नाटकाचे खेळ. यातली चिंधी कुठली ते तरी सांगायचं होतं.

२००९ चं फयान चक्रीवादळ आठवतंय ना? ११ नोव्हेंबर. मी कॉलेजात होतो, भाऊंच्या मागे मागे फिरायचो. ते तेव्हा एका दैनिकाचे वार्ताहर. मानधन छापून आलेल्या मजकुराच्या सेंटीमीटरवर. वादळ सरल्यावर भाऊ घरोघर गेले. परत न आलेल्या खलाशांचं नाव, वय, होडी, सगळं पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं. ऑफिसने नावं कापली आणि आकडा छापला. जागा नव्हती म्हणे.

भाऊंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या मे महिन्यात त्याच वाडीतली पोरं देवळाच्या सभामंडपात जमवली आणि त्या नावांचं नाटक बसवलं. त्यातल्या एका मुलाचे वडील फयानात गेलेले. तालमीत त्याच्या तोंडून वडिलांचं नाव फुटेना. भाऊ त्याच्यासमोर उकिडवे बसले. "रडाक येता तर रड. पण नाव गिळू नको. मागच्या बायकांक ऐकाक येवक व्हया."

आता मला सांगा, हे नक्की काय होतं? घरोघर जाऊन नाव पडताळणं ही बातमीदारी. एकही विशेषण न लावता ती नावं एकाखाली एक अशी लावली की ऐकताना घसा दाटून यावा, ही कविता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं हे नाटक. तिन्ही कामं येत होती म्हणूनच ते जमलं. नुसत्या कवीला ते जमलं नसतं, नुसत्या वार्ताहरालाही नाही.

आणि हे कोकणात येऊन सांगता? पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' हे वर्तमानपत्र काढलं, कॉलेजात शिकवलं, शाळेच्या मुलांसाठी पुस्तकंही लिहिली. बागलांच्या राईतल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी आरती प्रभू या टोपणनावाने कविता लिहिल्या, स्वतःच्या नावाने कादंबऱ्या आणि नाटकं लिहिली, आणि कुडाळात खानावळही चालवली. आरवलीच्या जयवंत दळवींनी वर्तमानपत्रात काम केलं, 'ठणठणपाळ' या टोपणनावाने सदर लिहिलं, नाटकंही गाजवली. आमचा दशावतारी, म्हणजे दशावतार या लोकनाट्यातला नट, तर लिहून दिलेल्या संवादांशिवाय रात्रभर राजा होऊन बोलतो आणि पावसात चिखलात उतरून भाताची लावणी करतो. त्याला कधी कुणी विचारलं नाही की बाबा, यातलं एक काय ते ठरव.

बरं, भाऊंचा कवितासंग्रह एकच निघाला, हे मान्य. घर वहिनींच्या शाळेच्या पगारावर चाललं, हेही खरं. पण त्याबद्दल बोलायचा हक्क वहिनींचा. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि पाहुण्यांच्या त्या वाक्याला त्यांनी टाळी वाजवली नाही, मी बघितलं.

पाहुणे माणूस वाईट नाहीत. भाऊंच्या दोन कविता त्यांनी तोंडपाठ म्हटल्या, आणि चांगल्या म्हटल्या. प्रेमाने आले होते. पण पुस्तक हातात आल्याशिवाय त्यांना काम दिसतच नाही, त्याला मी काय करू? नाटकाच्या रात्री त्या मुलाने वडिलांचं नाव खणखणीत घेतलं, तेव्हा मागे बसलेली त्याची आजी उभी राहिली. नुसती उभी राहिली. तिच्यामागोमाग अख्खी वाडी उठली. हे कुठल्या संग्रहात छापणार?

सत्काराच्या मानपत्रात या नाटकाचा उल्लेखही नव्हता. भाऊंच्या सगळ्या संहिता वह्यांत आहेत, बातम्यांची कात्रणं माळ्यावरच्या ट्रंकेत. गेल्या पावसात ट्रंकेला वाळवी लागली. वहिनींनी उन्हात घालून वाचवलं तेवढंच उरलंय.

म्हणून वेंगुर्ला, शिरोडा, मालवण, देवगड, जिथे जिथे भाऊंनी खेळ बसवले तिथल्या सगळ्यांना सांगतो. घरात वही, फोटो, कॅसेट, हँडबिल, काहीही असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. मी स्वतः येऊन स्कॅन करीन, मूळ कागद तुमच्याकडेच राहील. फयानच्या नाटकाची वही मात्र तातडीने हवी आहे. ती शेवटी प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीकडे होती. लग्न होऊन ती रत्नागिरीकडे गेली एवढंच कळलंय. कुणाच्या ओळखीत असेल तर तिला इथे टॅग करा.