लेव्हल ४८चा हमाल

२०११च्या नोव्हेंबरात स्कायरिम हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा जुन्या खेळाडूंनी बोंब मारली ती ॲट्रिब्यूट्स गेल्याची. आधीच्या ऑब्लिव्हियनमध्ये ताकद, बुद्धी, चपळाई, नशीब असे आठ गुण होते. इथे उरले तीन: हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना. लेव्हल वाढली की त्यातल्या एकात दहाची भर, विषय संपला. असला सुटसुटीतपणा ज्यांना सोसवत नाही ते मॉड, म्हणजे गेममध्ये फेरफार करणाऱ्या जोडफायली, बनवतात, आणि आमच्यासारखे ती बसवतात.

जुने गुण परत आणणारी अशीच एक मॉड मी बसवली होती. परवा तिची नवी आवृत्ती आली. बदलांची यादी वाचून तोंडाला पाणी सुटलं, खालच्या सूचना वाचून ते सुकलं. हिरोला घरात न्या, उघड्यावर नको. अंगावरचं सगळं उतरवा. मेनूतून मॉड बंद करा. चोवीस तास थांबा. सेव्ह करा, बाहेर या, जुनी फाइल काढा, परत आत जा, परत सेव्ह करा, मगच नवी टाका. सोवळ्यातला स्वयंपाक याहून सैल असतो. पण इलाज नाही. मॉडच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, सेव्ह केलेल्या खेळात मुरून बसतात, फाइल उडवली म्हणून जात नाहीत.

"हा उघडाबंब का उभा आहे?" बायकोनं विचारलं.

"वाट बघतोय. चोवीस तास व्हायची."

तिनं एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. बनियनवर मीही होतो.

मधल्या मधे गेमनं परस्पर स्वतःला अपडेट करून घेतलं. स्क्रिप्ट एक्स्टेंडर या जोडप्रोग्रॅमची आवृत्ती गेमशी तंतोतंत जुळावी लागते, नाहीतर त्याच्या जिवावरच्या सगळ्या मॉड एकदम संपावर जातात. गेल्याच. ते निस्तरण्यात जेवण गार झालं. त्याबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे नको.

शेवटी सेव्ह उघडलं. गुणांच्या नावांच्या जागी डॉलरची चिन्हं आणि मागे काहीतरी सांकेतिक लफडं. भाषांतराची फाइल गायब. ते चालवून घेतलं असतं. पण नव्या आवृत्तीनं सगळे पॉइंट काढून परत हातात ठेवले होते. लेव्हल ४८, ताकद शून्य! ओझ्याची मर्यादा घसरून मूळच्या ३००वर. ड्रॅगनचं एक हाड १५ वजनाचं, म्हणजे वीस हाडांतच कोटा खलास, आणि माझ्याकडे वर चीजचे गोल गड्डे. ते का जमवले होते, हे स्कायरिम खेळणाऱ्याला विचारू नये. आता पळता येईना, नकाशावरून थेट उडी मारायचं फास्ट ट्रॅव्हल होईना.

"नशिबात टाक ना थोडे पॉइंट," बायको म्हणाली.

टाकले. मग सगळं चीज जमिनीवर उतरवलं, ते खोलीभर गडगडत गेलं. हलका होऊन दाराशी आलो, तर तिथे लिडिया, गेममधली माझी सोबतीण, उभी. सरकेना.

"आता काय?"

"दारात बाई उभी आहे."

"मग सांग की तिला बाजूला व्हायला."

"त्याचीही मॉड आहे," मी म्हणालो, "पण त्या मॉडचंही अपडेट आलंय."