कोला-फॉइलने क्रोम ‘परत येत’ नाही

जुन्या गाड्यांची हौस असलेल्या कोणाच्याही फोनवर हा व्हिडिओ एकदा तरी येऊन गेलेला असतो. गंजाने तांबूस झालेला बंपर, त्यावर ओतलेला कोला, ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा, आणि चार हात मारताच लखलखाट. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा: कोल्यातलं आम्ल गंज खातं, फॉइल मऊ असल्यामुळे ओरखडा येत नाही, क्रोम नव्यासारखं होतं, कुठल्याही चकाकत्या पट्टीला हा उपाय चालतो आणि महिन्यातून एकदा केला की गंज पुन्हा फिरकत नाही.

पाच दावे आहेत. त्यातला एक अर्धा खरा आहे, आणि तोच उरलेल्या चौघांना खांद्यावर घेऊन फिरतो.

‘कोल्यातलं आम्ल गंज खातं.’ कोल्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, कोल्याचा पीएच साधारण 2.5 असतो (हा आकडा 7 च्या जितका खाली, तितकं द्रव जास्त आम्लधर्मी), आणि हे आम्ल गंजावर काम करतं हेही खरं. गंज काढायच्या कित्येक द्रावणांत तेच असतं. पण तिथे ते भरपूर असतं, कोल्यात नाममात्र. गंजका बोल्ट रात्रभर बुडवून ठेवलात तर फरक दिसेल. उभ्या बंपरवरून कोला ओघळून खाली जायला मात्र काही सेकंद पुरतात. शंका असेल तर बंपरचा एक अर्धा भाग कोल्याने आणि दुसरा नुसत्या पाण्याने घासा. मी घासून पाहिलाय. कुठला भाग कशाने घासला हे नंतर माझं मलाच सांगता येईना. आठवड्याने मात्र कळलं, कारण एका बाजूच्या फटीत साखरेचा चिकटा बसून त्यावर धूळ जमली होती.

‘फॉइल मऊ, ओरखडा येत नाही.’ हा तो अर्धा खरा दावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ आहे, आणि वर आलेला सुटा गंज निघायला ओल्या फॉइलची घासणी पुरते. स्टील वूलपेक्षा, म्हणजे पोलादाच्या बारीक तारांच्या घासणीपेक्षा, मला फॉइलच बरी वाटते. स्टील वूलचे बारीक तुकडे खाचाखोचांत अडकतात आणि स्वतःच गंजतात. पण बोळ्यात वाळूचे कण किंवा गंजाच्या सुटलेल्या खपल्या अडकल्या की ओरखडे उमटणारच. म्हणून आधी बंपर शांपूने नीट धुवा, बोळा सारखा बदला आणि शेजारच्या रंगावर चिकटपट्टी लावा.

‘क्रोम नव्यासारखं होतं.’ खरी गोम इथे आहे. क्रोम मुळात गंजलेलंच नसतं. क्रोम म्हणजे क्रोमियमचा मुलामा, आणि क्रोमियमवर हवेत ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा धरतो आणि गोष्ट तिथेच थांबते. तांबूस दिसतं ते लोखंड, तळातून वर आलेलं.

बंपर म्हणजे थरांचा कारभार. तळाला पोलाद, त्यावर बऱ्याचदा तांबं, मग निकेलचा वीस-तीस मायक्रॉनांचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि सगळ्यात वर क्रोम, साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. आरशासारखी चकाकी आणि पोलादाचं रक्षण हे बहुतांशी निकेलचं काम. क्रोम त्या निकेलला काळवंडू देत नाही आणि वर ती ओळखीची निळसर झाक देतं. या थरांत बारीक छिद्रं आणि भेगा असतात, वर्षांगणिक वाढतात. त्यांतून पाणी आणि मीठ पोलादापर्यंत पोचलं की झिजायची पाळी लोखंडावर येते, कारण लोखंड आणि निकेल एकाच ओलाव्यात भेटले की बळी लोखंडाचा जातो. सभोवती निकेल-क्रोमचं मोठं मैदान आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढं उघडं पोलाद. सगळा मारा त्या एका ठिपक्यावर. भोक खोल जातं, आत गंज फुगतो आणि वरच्या थराला उचलू लागतो.

फॉइलने भोकाच्या तोंडावरची खपली जाते. भोक तिथेच राहतं. व्हिडिओ हातभर लांबून घेतलेला असतो, आणि दुरून डोंगर साजरे. नाक टेकवून पाहिलंत तर काळे ठिपके दिसतील. त्यांच्या तळाशी आता ताजं, उघडं लोखंड आहे. हवा दमट असेल तर आठवड्याभरात ते पुन्हा तांबूस होतं. तो आठवडा व्हिडिओत नसतो.

म्हणून घासून झालं की काम संपलं असं समजू नका. साध्या पाण्याने धुवा, पुसा, केस वाळवायच्या ड्रायरने छिद्रांतला ओलावा घालवा आणि पृष्ठभाग कोमट असतानाच गाडीचं वॅक्स छिद्रांत बोटाने दाबून भरा. हे केलं नाहीत तर घासणं फुकट.

आणखी एक. कुठे पिवळसर झाक दिसत असेल तर तो मळ नाही. तिथे क्रोम संपून निकेल उघडं पडलंय. पॉलिश जितकं जास्त, तितका तो डाग मोठा. आणि थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर घरगुती इलाज नाही. जुने थर उतरवणं, पोलाद घासणं, खड्डे तांब्याने भरणं, बफिंग आणि मग पुन्हा निकेल-क्रोम, हाच रस्ता. प्लेटिंग खड्डा बुजवत नाही, उलट उठून दाखवतं, त्यामुळे सगळी मेहनत आधीच्या घासकामात जाते. हे घरी करायच्या फंदात मात्र पडू नका; क्रोम चढवायला सहसा वापरतात त्या क्रोमिक आम्लातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे.

‘कुठल्याही पट्टीला चालतं.’ पाचांतला सगळ्यात घातक दावा. जुन्या गाड्यांचे दारांचे हँडल, नावाची अक्षरं, टेललाइटच्या रिंगा बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्यांना तांबडा गंज येतच नाही. पांढरी भुकटी आणि फोड येतात. फोडावर फॉइल फिरवली की वरचा थर टवका होऊन निघतो, आणि उघडं जस्त आम्लात विरघळतं. एका रिंगचं वाटोळं मी असंच केलंय, कोल्याने नव्हे, त्याहून जोरकस आम्लाने. (फरशी-संडास साफ करायच्या ज्या द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ती तर क्रोमच खातात. बाटली जवळही आणू नका.) खिडकीखालच्या पट्ट्या पुष्कळदा स्टेनलेसच्या असतात, ती आरपार एकच धातू, ओरखडे बफिंगने जातात. अ‍ॅनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या पट्टीचं संरक्षण मात्र वरच्या थरातच असतं, तो घासला की पट्टी कायमची मंद. प्लास्टिकवरच्या क्रोमला फॉइल लावूच नका. लोहचुंबकाने थोडा अंदाज येतो: पोलादाला पक्कं चिकटतं, जस्त-ॲल्युमिनियमला तसं नाही. पण काही स्टेनलेसलाही ते चिकटतं, म्हणून निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नका.

‘महिन्यातून एकदा करा.’ नको. जितकं कमी घासाल तितकं बरं. पाण्याचे थेंब बंपरवर मोत्यासारखे उभे राहत असतील तर वॅक्स शाबूत आहे. पसरू लागले की पुन्हा लावा. आणि कधी बंपर खोललात तर मागची बाजू पाहा. तिथे क्रोम नावापुरतं असतं, चिखल वर्षानुवर्षं बसतो, आणि पोलाद मागूनच खाल्लं जातं. चिखल काढा, गंज खरवडा, प्रायमर आणि रंग द्या, पाणी निघायची भोकं मोकळी करा.